कौतिकबाईंचा फ्रीज, आप्पाची रोषणाई

तळोद्याच्या एका जीपवाल्याने एकदा माझ्याकडून गाडीत टीव्ही बसवून घेतला. पडदा मोठा, आवाज खणखणीत. मी त्याला विचारलं, "बाबा रे, बघणार कोण?" कारण त्याच्या जीपमध्ये आतली माणसं एकमेकांच्या मांडीवर, मागची पायरीवर लोंबकळलेली आणि उरलेली टपावर. तो म्हणाला, "मिस्तरी, बघानं काम नही. समोरनानी जीपमा शे, मन्हामा नही." म्हणजे समोरच्याच्या जीपमध्ये आहे आणि माझ्यात नाही. माझा सगळा धंदा या एका वाक्यावर चालला. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांचंही तेच. ट्रॉलीच्या मागे एक लाल दिवा लावा म्हटलं तर मालक कुरकुरायचा, पण पुढे गाण्याचे डबे चार पाहिजेत. मागून येणारा आपटून मेला तरी निदान गाणं ऐकत मरावा, एवढी माणुसकी आमच्या भागात आहे.

मी ऑटो इलेक्ट्रिशियन. नंदुरबारच्या बायपासला माझं पत्र्याचं दुकान होतं, समोर मिरचीच्या पथाऱ्या. हंगामात मैदानभर लाल मिरची वाळत पडलेली असे, आणि वारा फिरला की मी, गिऱ्हाईक आणि गिऱ्हाइकाचा क्लीनर, तिघेही एकदम डोळे पुसायला लागायचो. रस्त्याने जाणाऱ्याला वाटे, मिस्तरीने बिल सांगितलं असणार.

ज्यांना गाडीतलं काही कळत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ज्यांना सगळं कळतं त्यांना मी आयुष्यभर सांगून थकलो, त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. इंजिनाच्या कडेला पट्ट्यावर फिरणारा एक गोळा असतो. त्याचं नाव आल्टरनेटर, आमच्याकडे डायनामो. घरात एकटा कमावता माणूस असतो तसा तो. इंजिन फिरतं तोवर तो वीज कमावतो, घरखर्च भागवतो, आणि जे उरतं ते बॅटरीत शिल्लक टाकतो. जुना ट्रक बनवणाऱ्याने हिशेब साधा धरला होता : दोन हेडलाईट, मागचे दिवे, वायपर, हॉर्न. चार तोंडांचं कुटुंब आणि पस्तीस अ‍ॅम्पियरचा पगार. कुटुंब सुखात होतं. मग मालकाची हौस सुरू होते. टपावर रंगीत दिवे, बंपरखाली दिवे, चाकांच्या वर दिवे, केबिनमध्ये देवाभोवती दिवे, गाण्याची मशीन, तिला मोठे डबे, पाच सुरांचा भोंगा, पंखा. घरात पाव्हणे वाढत जातात, पगार तोच. मग शिल्लक मोडायला लागते, आणि एका सकाळी चावी फिरवली की गाडी नुसती 'टक' म्हणते. त्या वेळी मालक माझ्याकडे येतो आणि म्हणतो, "मिस्तरी, बॅटरीत काहीतरी खोट आहे."

धुडकू आप्पा त्यातलाच. शहाद्याकडचा माणूस, स्वतःचा सहाचाकी ट्रक, शहाद्याहून सुरतेला केळी न्यायचा. ट्रक जुना, म्हणजे इतका जुना की त्या कंपनीनेच ते मॉडेल विसरून टाकलं असेल. पण सजावट अशी की लांबून वरातच येतेय वाटावं. टपावर हिरवे-लाल-निळे दिवे ओळीने, आणि ब्रेक दाबला की मागे मोर नाचायचा. खरंच नाचायचा, दिव्यांचा. तो मोर मीच जोडून दिला होता. पोट सगळ्यांनाच असतं.

आप्पाबरोबर क्लीनर म्हणून त्याची बायको असायची. क्लीनर पोरं टिकत नाहीत, पोरगी सुरतेला दिलेली, घरी एकटी बसून करू काय, असं म्हणून कौतिकबाई एक दिवस केबिनमध्ये चढल्या त्या उतरल्याच नाहीत. पहिल्यांदा ट्रकवाल्यांनी चहाच्या टपरीवर भरपूर दात काढले. मग एकदा अरुंद गल्लीत त्यांनी मागे उभं राहून "यू द्या... यू द्या... थांबाऽ!" करत भरलेला ट्रक वीतभर जागेतून मागे घेतला, तेव्हापासून दात आत गेले. नाव कौतिकबाई, पण कौतुक कुणाचंच करायच्या नाहीत. मोर पहिल्यांदा नाचला तेव्हा आप्पाने मोठ्या आशेने त्यांच्याकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "हाऊ नाचस, आनि मांगला टायर टक्कल पडी गया, तो कव्हय नाचाडशात?" म्हणजे तो कधी नाचवणार?

मग कौतिकबाईंना साखरेचा आजार निघाला. गोळ्यांनी भागेना, तेव्हा शहाद्याच्या डॉक्टरांनी इंजेक्शन लावलं. रोज स्वतः टोचून घ्यायचं, आणि औषध थंड ठेवायचं. घरी बसणाऱ्या बाईला ते सोपं आहे. इथे बाई ट्रकमध्ये, ट्रक उन्हात, आणि आमचं ऊन असं की बोनेटवर भाकरी शेकावी. सुरुवातीला त्या बाटली थर्मासात बर्फ घालून ठेवायच्या. वाटेतल्या विसरवाडीपर्यंत बर्फाचं पाणी व्हायचं. मग सुरतेच्या जावयाने ट्रकमध्ये चालणारा छोटा फ्रीज घेऊन दिला, पेटीएवढा, वर आतल्या थंडीचा आकडा दाखवणारा. तो बसवायला दोघं माझ्याकडे आले.

मी तो सीटमागे पक्का केला, त्याला बॅटरीपासून वेगळी लाल वायर ओढली, वेगळा फ्यूज दिला. किती खातो ते मोजलं. एका हेडलाईटएवढं. गरीब पाव्हणा. कौतिकबाईंनी त्यात औषधाची बाटली ठेवली, झाकण लावलं आणि मला विचारलं, "भाऊ, हाऊ बंद तं पडाव नही ना?"

"वहिनी, ही वायर मी ओढली आहे. आप्पाचं गाणं बंद पडेल, फ्रीज पडणार नाही."

आप्पाला हे बोलणं आवडलं नाही. त्याने गाण्याचा आवाज वाढवून उत्तर दिलं.

काही महिन्यांनी, उन्हाळा चढायला लागला तेव्हा, आप्पा तक्रार घेऊन आला. "मिस्तरी, फ्रीज बसाडा तव्हयपाईन सकायले गाडी चालूच व्हत नही. धक्का मारना पडस."

घरात काही बिनसलं की शेवटी आलेल्या सुनेचा पायगुण काढतात, तसं हे. मी इंजिन चालू ठेवायला लावलं, वायरीला मीटर लावला, आणि एकेक वस्तू चालू-बंद करत त्याला आकडे वाचून दाखवले. फ्रीज : तीन. गाण्याची मशीन आणि डबे : पंधरा. दिवे, मोरासकट : बावीस. हेडलाईट, पंखा, बाकीचं : आणखी दहा-बारा. "कमाई पस्तीस, खर्च पन्नास. आता सांगा, घर कोण बुडवतंय?"

आप्पाने बराच विचार केला आणि म्हणाला, "तरीबी, पहिले व्हत नव्हतं."

त्याला दिवे काढायचे नव्हते, हे मला मान्य होतं. माणसाने आयुष्यभर ट्रक चालवायचा आणि त्याच्यावर चार दिवेही लावू नयेत, हे म्हणणारा मी कोण? मग मार्ग एकच, मोठा डायनामो. पण डायनामो मोठा बसवायचा म्हणजे नुसता तो बदलून भागत नाही. कमाई वाढली की ती घरापर्यंत आणणारी वायर जाड लागते, नाहीतर ती तापते आणि वितळते. तिला तिच्या ताकदीचा फ्यूज लागतो. गोळा जड, म्हणून त्याला धरणारा ब्रॅकेट नवा. तो फिरवायला जोर जास्त लागतो, म्हणून एकाच्या जागी दोन पट्टे आणि तशी पुली. शिवाय याच पट्ट्यावर इंजिनाचं पाणी फिरवणारा पंप असतो. पट्टा घसरला की इंजिनही उकळतं. हे सगळं मी आप्पाला बोटांवर मोजून समजावलं. आप्पाने मान डोलावली. एवढ्या सगळ्यातून त्याच्या कानात दोनच शब्द शिरले : मोठा डायनामो.

पुढच्या फेरीला त्याने सुरतेच्या रस्त्यावर कुठल्याशा मिस्तरीकडून भंगारातला मोठा डायनामो बसवून आणला आणि मला दाखवायला थांबला. "दखा! दुपारना दोन तासमा बसाडी दिधा. तुम्ही तं रामायन सांगी ऱ्हायनतात."

मी खाली वाकून पाहिलं. डायनामो बैलाएवढा आणि त्याला बांधलेली दोरी शेळीची. वायर तीच जुनी, करंगळीपेक्षा बारीक. पट्टा तोच एक, तोही चकचकीत झालेला. फ्यूज नावाची वस्तू त्या मिस्तरीने ऐकली नसावी.

"आप्पा, ही वायर जळेल."

"काही व्हत नही."

'काही होत नाही' या तीन शब्दांनी आमच्या जिल्ह्यात जितकी वायरिंग जाळली तितकी उंदरांनीही कुरतडली नसेल. मी वायर त्याच दिवशी बदलून देतो म्हणालो. त्याला शहाद्याला जाऊन केळी भरायची घाई होती. कौतिकबाई खिडकीतून ऐकत होत्या. तेव्हा मला खटकलं ते एवढंच, की त्या थकलेल्या दिसत होत्या.

त्या दिवसांत त्या दुकानात आल्या की पहिलं पाणी मागायच्या. एक तांब्या संपला की दुसरा. पायांना मुंग्या, डोळ्यांपुढे अंधुक. डॉक्टरांनी इंजेक्शनचं माप दोनदा वाढवलं होतं तरी साखर खाली येईना. "डॉक्टर मन्हावर वरडस," त्या म्हणाल्या. "म्हनस, तुम्ही पथ्य पाळतस नहीत. भाऊ, आंबा सोडा. चहामानी साखर सोडी. आते काय भाकर सोडू?"

आप्पा शेजारीच उभा होता. हसत म्हणाला, "चोरीचोरी खात व्हई काहीतरी. बायास्ना काय भरोसा."

त्यांनी तांब्या उचलून पुन्हा तोंडाला लावला. मला वाटतं, त्यांना स्वतःलाच शंका यायला लागली होती, की आपण झोपेत उठून काही खातो की काय.

मे महिन्यात एका दुपारी आप्पाचा फोन आला. आवाज फुटलेला. "मिस्तरी, गाडी पेटी जाती! विसरवाडीना आलीकडे उभा शे. या लवकर."

मी जाड वायरीचं भेंडोळं आणि हत्यारं मोटारसायकलला बांधून निघालो. पोचलो तर ट्रक रस्त्याच्या कडेला कलंडल्यासारखा उभा, बोनेट उघडं, जळक्या रबराचा वास, वर भरगच्च केळी आणि त्यावर ऊन. आप्पाच्या उजव्या हाताला ओलं फडकं गुंडाळलेलं. धूर निघाल्यावर त्याने हातानेच बॅटरीची तार उपटून काढली होती. त्याबद्दल मी त्याला मनात पूर्ण गुण दिले. उपटली नसती तर ट्रक, केळी आणि मोर सगळं एकदम भाजलं असतं.

कौतिकबाई निंबाच्या सावलीत पाय पसरून बसल्या होत्या, शेजारी पाण्याचा डबा. मला बघून त्यांनी हात वर केला, पण उठल्या नाहीत.

जे व्हायचं तेच झालं होतं. चढावर दिवे, गाणं, पंखा, सगळं चालू. मोठ्या डायनामोने कमाई ओतली आणि बारीक वायर वितळून चेसिसला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, चिकटली. आग डॅशबोर्डमागच्या वायरींच्या जुडग्यापर्यंत गेली होती. मी जुडगा बाहेर ओढला, जळालेलं कापायला घेतलं, आणि माझी लाल वायर हाताला लागली. फ्रीजची. ती मध्येच तोडलेली होती. तोडून, नुसता पीळ देऊन, वर चिकटपट्टी गुंडाळून तिथून एक फाटा ड्रायव्हरच्या सीटखाली नेला होता. मी सांधा असा कधीच करत नाही. फाट्याच्या मागे हात घालत गेलो तर सीटखाली एक छोटा खटका मिळाला, घरात दिव्याला असतो तसला.

"आप्पा, हा खटका कशाचा?"

आप्पाने निंबाच्या झाडाकडे पाहिलं. "पंखाना."

"पंख्याचा वर आहे."

मग मला एकदम समजलं. बॅटरी उतरते ती फ्रीजमुळे, हे त्याने डोक्यातून काढलंच नव्हतं. माझा मीटर खोटा, त्याचं डोकं खरं. म्हणून तो फ्रीज बंद करून गाडी चालवत होता. दिवे चालू, गाणं चालू, मोर चालू, आणि फ्रीज बंद.

"भाऊ, काय शे त्या?" कौतिकबाईंनी विचारलं. त्या झाडाला धरून उभ्या राहिल्या होत्या.

मी आयुष्यभर दुसऱ्याची टिंगल करून पोट भरलं असं माझी बायको म्हणते, आणि ते खरं आहे. त्या वेळी मी हातातला खटका नुसता उलटसुलट करत राहिलो. खोटं बोलावं असंही क्षणभर वाटलं. म्हटलं, पंख्याचाच आहे म्हणावं, वायर बदलावी, आप्पाला नंतर बाजूला घेऊन झापावं. पण ती बाई उभी राहताना झाडाला धरत होती.

"वहिनी, हा फ्रीजच्या वायरीवर आहे," मी म्हणालो.

त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "कव्हयपाईन?"

"बॅटरी उतरे ना," आप्पा जमिनीकडे बघत म्हणाला. "दिवसभर बंद ठेवू. तू झोपेल ऱ्हाये, नही तं खाले उतरेल. सांजले परत चालू करू. झाकन बंद शे, थंडं ऱ्हाई आसं वाटनं. मले काय म्हाईत, दवाई खराब व्हस म्हनीसन..."

"तू मले चोरटी म्हने," कौतिकबाई म्हणाल्या.

इतकी वर्षं त्या त्याला चारचौघांत 'तुम्ही' म्हणायच्या. आवाज चढवला नाही, रडल्या नाहीत. "मी आंबा सोडा. चहा सोडा. डॉक्टरना शिव्या खाध्या. आनि तू आठे बठीसन खटका दाबे."

आप्पा पुढे झाला. त्यांनी फक्त हात आडवा धरला, आणि तोच हात जमिनीला टेकत खाली बसल्या. चक्कर आली होती.

मी रस्त्यावर उभं राहून नवापूरकडून येणारी जीप थांबवली. माणसं ठासून भरलेली, तरी दोघं-तिघं उतरले आणि जागा झाली. त्यातल्या एका डोंगराकडच्या म्हातारीने काही न विचारता कौतिकबाईंचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. आप्पा पायरीवर चढायला गेला. डोळे न उघडता कौतिकबाई म्हणाल्या, "उतर. गाडीजोडे बठ. तुन्ही रोषणाई कोनी चोरी लई जाई."

तो उतरला. मी चढलो.

जवळच्या दवाखान्यात बोटातून रक्त काढून मशीनवर लावलं. नर्सबाई मशीनकडे बघून म्हणाल्या, "आकडाच येत नाही. 'हाय' दाखवतंय." साखर इतकी चढली की मशीन मोजायचं सोडून देतं, त्याची ती खूण. खाटेवरून कौतिकबाई पुटपुटल्या, "हाय म्हनस का? मन्हाकडथून राम राम सांगा तेले." तेव्हा मला जरा बरं वाटलं. ज्या बाईला अजून टोमणा सुचतो ती एवढ्यात जात नाही. त्यांना सलाईन लावून नंदुरबारला हलवलं. पुढचे काही दिवस काही सांगता येत नाही असंच डॉक्टर म्हणत होते. लेक सुरतेहून धावत आली. त्या सावरल्या, आणि दवाखान्यातून निघाल्या त्या लेकीबरोबर सुरतेला गेल्या. आप्पा रोज येऊन दारात उभा राहायचा. त्या भिंतीकडे तोंड करायच्या.

केळी दुसऱ्या ट्रकमध्ये भरून गेली, आणि आप्पाचा ट्रक ओढून माझ्या दुकानासमोर आला. मी चहा सांगायला गेलो, परत येऊन बघतो तर आप्पा टपावर. भाजल्या हाताने स्क्रू फिरवून एकेक दिवा काढत होता. हिरवे, लाल, निळे, सगळे गोणीत. शेवटी मोर काढला. गोणी माझ्यापुढे टाकली.

"फेकी द्या, मिस्तरी."

मग मी सांगितलं ते सगळं त्याने ऐकलं. नवा डायनामो, ब्रॅकेट, दोन पट्ट्यांची पुली, अंगठ्याएवढी वायर, फ्यूज, इंजिनापासून चेसिसला जाड अर्थिंगची वायर. फ्रीजची वायर पहिल्यापासून नवी, मध्ये कुठेही जोड नाही. आयुष्यभर मला असं गिऱ्हाईक हवं होतं, जे सगळ्याला हो म्हणेल. ते मिळालं तेव्हा कामात काही मजा आली नाही.

पावसाळाभर आप्पा तसाच फिरला. भाड्याचा क्लीनर, गाणं नाही, दिवा नाही. टपरीवरचे ओळखीचे ड्रायव्हर त्याचा ट्रक ओळखेनात. माझ्या दुकानावरून जाताना तो थांबायचा आणि म्हणायचा, "जरा फ्रीज दखा." मी झाकण उघडायचो. आत काहीच नसायचं. रिकामा फ्रीज शहाद्याहून सुरतेला आणि सुरतेहून शहाद्याला थंडगार जायचा-यायचा. वरच्या आकड्याचा तो रोज मोबाईलवर फोटो काढायचा आणि लेकीला पाठवायचा. खाली काही लिहायचा नाही. त्याला लिहिता यायचं नाही. उत्तर यायचं नाही.

मी म्हटलं, "आप्पा, सुरतेला जाता तर घरी जाऊन भेटत का नाही?"

"गयथू," तो म्हणाला. "पोर म्हने, माय झोपेल शे. दुपारना बारा वाजेल व्हतात."

दसऱ्याच्या आधी एका सकाळी माझ्या दुकानापुढे रिक्षा थांबली आणि कौतिकबाई उतरल्या. एसटी स्टँडवरून थेट माझ्याकडे. वाळल्या होत्या, पण पाय जमिनीवर घट्ट टाकत होत्या. पाणी दिलं तर घोटभर प्यायल्या आणि तांब्या ठेवला.

"भाऊ, खरं सांगा. त्यानी समदं बरोबर करं का, का आते आजून कोठे खटका शे?"

"मी स्वतः केलंय. खटका नाही."

"फोटो रोज येस. तो आकडा खरा शे का?"

"खरा आहे. गाडी येईलच आता, स्वतः बघा."

आप्पा आला. ट्रक उभा करून उतरताना त्याला त्या दिसल्या आणि तो अर्ध्या पायरीवरच थांबला. कौतिकबाई दुसऱ्या दाराने केबिनमध्ये चढल्या, फ्रीज उघडला आणि आत हात घालून बराच वेळ ठेवला. सीटखालीही चाचपून पाहिलं. मग उतरल्या आणि ट्रकभोवती एक फेरी मारली. वर बघितलं, मागे जाऊन बघितलं.

"दिवा कोठे गयात?"

"काढी टाक्यात," आप्पा म्हणाला.

"आनि तो मोर?"

"तोबी."

"कसाले?"

"तुन्हाकरता."

कौतिकबाईंनी कमरेवर हात ठेवले. "गाडी कशी सुतकी दिखी ऱ्हायनी! लोके काय म्हनतीन, बाई वारी गयी का काय? मी आजून मरेल नही. लाई द्या परत."

आप्पा रडायला लागला. पथाऱ्यांवर त्या दिवशी मिरची नव्हती, त्यामुळे त्याला सबबही नव्हती.

गोणी मी फेकलेली नव्हतीच. मिस्तरी माणूस कधी काही फेकत नाही. आतले जुने बल्ब काढून मी नवे एलईडी घातले. आता सगळे दिवे मिळून जेमतेम एका हेडलाईटएवढं खातात, आणि डायनामो बसून जांभया देतो. कौतिकबाई दिवसभर स्टुलावर बसून कुठला रंग कुठे ते सांगत होत्या. पाच सुरांचा भोंगा तेवढा त्यांनी परत बसवू दिला नाही. म्हणाल्या, त्याच्याने साखर वाढते. डॉक्टरही हे नाकारणार नाहीत असं मला वाटतं.

पुढे त्यांची साखर उतरली आणि बरीचशी ताब्यात राहिली. लेक म्हणते सुरतेच्या डॉक्टरचा गुण, जावई म्हणतो फ्रीज मीच घेऊन दिला होता, आणि आप्पाने कानबाईदेवीचा नवस फेडला. माझ्याकडे कुणी पेढाही आणला नाही. म्हणे मिस्तरीलाही साखर असेल.

पण त्या संध्याकाळचं सांगत होतो. काम आवरलं, ऊन कललं होतं. आप्पा केबिनमध्ये चढला आणि भीतभीत बटण दाबलं. टपावरची ओळ लागली, बंपरखालची लागली, ब्रेकवर पाय ठेवला तसा मागचा मोर पिसारा फुलवून नाचायला लागला. समोरच्या टपरीवरचे दोघं-तिघं ग्लास हातात घेऊन बाहेर आले. आप्पाने खिडकीतून मान काढून बायकोकडे पाहिलं.

कौतिकबाई ट्रकच्या मागे उभ्या राहून डोळे बारीक करून बघत होत्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "भाऊ, मोरना डावाकडला तिसरा पीस पेटत नही."

मी स्क्रूड्रायव्हर उचलला.